श्रावणातली ओली कणगी

रेशनच्या दुकानाची पायरी उतरताना कमळाबाईच्या तोंडात एवढ्या शिव्या जमल्या होत्या, की आधी कुठली सोडावी तेच तिला कळेना. शेवटी तिनं पायरीवर नुसती पिंक टाकली. पान खाल्लेलं नव्हतं, तरी टाकली.

ही पाचवी खेप. पाच आठवडे ती पाड्यावरून पनवेलच्या बाजारापर्यंत चिखल तुडवत येत होती. रेशनकार्ड मेणकापडात गुंडाळून पोलक्यात खोचलेलं, डोक्यावर गोणपाटाची खोळ. आणि दिनानाथशेट गादीवरून बूड न उचलता दर खेपेला तेच सांगायचा, "तांदूळ आला नाही. मिलो हवा तर घ्या." मिलो म्हणजे अमेरिकेहून आलेली ती तांबडी ज्वारी. आज शेटनं त्याला वर शेपूट जोडलं होतं.

"अगं कमळे, सारखं काय तांदूळ तांदूळ? देशात टंचाई आहे. घरात असेल त्यात भागवायला शिका जरा. बेस्तरवारी शाळेत या सगळ्याजणी. पुण्याहून चंद्रावतीबाई येणार आहेत, घरातल्याच जिनसांतून स्वयंपाक कसा करावा ते शिकवायला. कचेरीचे पुरवठासाहेबही येणार. पहिल्या नंबराला स्टीलचा डबा आहे. आणि जी येणार नाही तिच्या कार्डाचं काय करायचं ते मी बघतो."

घरात असेल त्यात! कमळाबाईचा जन्म दुसऱ्या कशात गेला होता?

सहासष्ट सालचा श्रावण होता. आदल्या साली पाऊस आलाच नाही म्हणावा असा आला, आणि जो आला त्यात बांध फुटून खाडीचं खारं पाणी तिच्या शेतात घुसलं. उभं भात जळालं. आता पावसाळ्यात मिठागर बंद, नारळी पुनवेपर्यंत दर्या बंद. पाड्यावरची प्रत्येक बाई वैशाखात करून ठेवलेल्या बेगमीवर घर ओढत होती. सुका जवळा, चार बोंबील, राखेत घोळवलेले वाल, चिंचेचा गोळा, वाळवलेल्या कैरीची आंबोशी. कमळाबाईकडे सोमवारी जवळ्यात आंबोशी असायची, मंगळवारी आंबोशीत जवळा. बांधावरचा टाकळा तिनं एवढा खुडला होता, की तिला येताना बघून टाकळाच आता मान खाली घालत असेल. मीठ मात्र बक्कळ. मीठ हवं तेवढं खा म्हणावं.

तिचं स्वतःचं कसंही भागलं असतं. पण घरात मालू होती. एकुलती लेक, पहिलं बाळंतपण, आज पंधरावा दिवस. बाळंतिणीला वाल चालत नाहीत, सुकट चालत नाही. मिलोची पेज दिली, तर पोरगी दोन दिवस पोट धरून लोळली. सुईण बघून गेली आणि जाताना दारात थांबून म्हणाली, "तूप नसलं तर नसूं दे गो, पन तांदलाची पेज दे. तिचा दूध आटत चाललाय." मडक्याच्या तळाला दोन मुठी कण्या होत्या, त्याही परवा संपल्या. बाळ आधी आकांत करायचं. आता नुसतं गप्प पडून राहायचं.

पाड्याच्या वळणावर हौसा भेटली. हौसा तिची शेजारीण, दोन म्हशींची मालकीण आणि तोंडानं त्या दोघींपेक्षा मोठी. रिकामी पाटी आपटत येत होती.

"मिलाला तांदूल?"

"मिलाला! शेटनं उपदेश मिलवून दिला. घरान हाय त्यान भागवा म्हनतो."

"त्याच्या घरान तं माजं शेनसुदा हाय," हौसा म्हणाली. "गेल्या मंगलवारी त्याच्या बायकोनं, भामाबाईनं चार पाट्या शेन नेला. म्हनाली, कनगी लिंपाची हाय. फुकट नेलान, वर सांगते कशी, कोनाला बोलू नको."

कमळाबाई चालता चालता थांबली.

"काय लिंपाची?"

"कनगी गो. भात ठेवाची कनगी."

"श्रावनान?"

हौसानं रिकामी पाटी खाली टेकवली. आता तिच्याही डोक्यात शिरलं.

कणगी म्हणजे कारवीच्या काठ्यांची विणलेली उभी कोठी, माणसाच्या उंचीची. आतबाहेर शेणामातीनं लिंपायची आणि मळणी झाली की भात भरायचं. हे लिंपण दिवाळीनंतर करतात, मार्गेसरात. कोरडं ऊन असतं, चार दिवसांत खडखडीत वाळतं. अर्ध्या पनवेलच्या कणग्या कमळाबाईच्याच हातानं लिंपलेल्या. भर पावसात कणगी लिंपणारं माणूस तिनं जन्मात बघितलं नव्हतं. वाळायची कशी? आणि श्रावणात भरायचं काय? भात तर अजून शेतात गुडघाभरही झालेलं नव्हतं.

"हौसे," ती म्हणाली, "बेस्तरवारी नेसाला धुतलेला लुगडा काढ. आपुन शिकाला जायचा हाय."

"कमले, तुजा हसनं मना आवडत नाय. तू अशी हसतेस तवा कोनाचा तरी वाटोला होतो."

"हसतेय कोन?" कमळाबाई म्हणाली. खरंच ती हसत नव्हती. दात आवळलेले होते, एवढंच.

बेस्तरवारी शाळेचा वर्ग बायकांनी भरला. पुढे टेबल, टेबलावर लाल फीत बांधलेला स्टीलचा डबा. बाजूला खुर्चीत पुरवठासाहेब बसले होते. दिनानाथशेटनं त्यांच्या पुढ्यात चिवड्याची बशी ठेवली होती आणि त्यांचं अर्धं लक्ष तिकडे होतं. चंद्रावतीबाई पन्नाशीच्या, चष्मा, सुती पातळ, आवाज खणखणीत. बाई वाईट नव्हत्या. फक्त चुकीच्या गावाला आल्या होत्या.

"भगिनींनो, आपण किती अन्न वाया घालवतो याचा विचार केलाय? बटाट्याची सालं टाकू नका, त्यांची चटणी होते. पावाचे कडक तुकडे जपून ठेवा. शिळा भात उरला तर त्याची थालीपिठं करा."

मागून हौसाचा आवाज आला. "बाई, शिला भात उरवाला आदी ताजा कुठं शिजवाचा?"

वर्ग हसला. ते हसणं ऐकून बाईंचा चष्मा जरा घसरला. दिनानाथशेट उठून उभा राहिला. "शांत बसा! बाई एवढ्या लांबून आल्यात. शिकायचं नाही, नुसती तोंडं चालवायची. ही यांची सवयच आहे बाई. घरात डबे भरलेले असतात आणि रोज माझ्या दारात येऊन रडतात."

कमळाबाईच्या कानशिलात टण टण टण घण पडायला लागले. डबे भरलेले! तिला तिथल्या तिथे उठून त्याची टोपी उडवायची होती. पण टोपी उडवून तांदूळ मिळत नाही. ती बसून राहिली आणि नखं तळहातात रुतवत राहिली.

बाईंनी चष्मा सारखा केला. त्यांनाही आता राग आला होता. "माझा पंधरा वर्षांचा अनुभव सांगतो, घर कितीही गरीब असो, काही ना काही असतंच. आपण बघत नाही. म्हणून माझा पहिला नियम, आधी कोपरान् कोपरा बघायचा. डबा, मडकं, शिंकं, फडताळ, काही सोडायचं नाही. दुसरा नियम, जे सापडेल ते शिजवायचं. बाहेरून काही आणायचं नाही. मला या गावातलं कुठलंही घर दाखवा, मी आत्ता, या क्षणी करून दाखवते!"

शेटनं टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात त्यानंच वाजवल्या.

कमळाबाई उठली. पदर सावरला. चेहरा असा केला, की देवळातल्या दगडी गाईनं तिच्याकडून धडे घ्यावेत.

"बाई, लय बेस बोललात. पन आमच्या घरान चुलीजवल दुसरी बाई मावत नाय, वरशी पानी गलता. सायबांनी बसावा कुठं? त्यापेक्षा शेटचाच घर घ्या. हे काय, शालेला लागून हाय. ओटी मोठी हाय. आमी सगल्या बसू न् शिकू."

"शेटचाच, शेटचाच!" हौसा ओरडली, आणि तिला काही माहीत असो नसो, सगळा पाडा ओरडला.

दिनानाथशेटच्या टाळ्या हवेतच राहिल्या. "अहो, आमच्याकडे कशाला? आमचं घर... म्हणजे, घरात आजारपण..."

"कोन आजारी?" भामाबाईकडे वळून कमळाबाईनं काळजीनं विचारलं. शेटची बायको तिसऱ्या रांगेत बसलेली, गालावर लाली, अंगानं ठणठणीत. ती काही बोलायच्या आत चंद्रावतीबाईंनी पिशवी उचलली.

"उत्तम कल्पना! आणि कमळाबाई ना तुम्ही? तुम्ही माझ्या मदतीला."

पुरवठासाहेब चिवड्याची बशी घेऊनच निघाले.

शेटच्या ओटीवर बायका दाटीवाटीनं बसल्या. शेटनं घाईघाईनं आतून एक ताट आणलं. त्यात चार बटाटे, मूठभर मुगाची डाळ, दोन कांदे. "हे घ्या बाई. एवढंच आहे. टंचाई आम्हालाही आहे."

बाईंनी पदर खोचला. "छान. यातून सहा माणसांचं जेवण होईल."

"बाई," कमळाबाई हात जोडून म्हणाली, "शिकाला आल्ये म्हनून इचारते. तुमचा पयला नियम काय व्हता? कोपरान् कोपरा तुमी कंदी बघितलात? हे तं शेटनं आनून दिलान."

बाई थांबल्या. प्रामाणिक बाई, स्वतःच्या नियमात अडकल्या. "बरोबर आहे. चला, आत बघू या."

"आत देवघर आहे," शेट म्हणाला.

"देवाला हात नाय लावत," म्हणत कमळाबाई माजघरात शिरलीसुद्धा. चुलीजवळचं लोखंडी उलथणं तिनं जाताजाता उचललं होतं.

माजघरात पाऊल टाकल्याबरोबर तो वास तिच्या नाकात गेला. ओल्या शेणाचा, आणि त्याच्याखाली दुसरा एक कोंदट, आंबूस वास. कोपऱ्यात कणगी उभी होती. हिरवट, ओलसर, हातानं सारवल्याच्या रेघा अजून उमटलेल्या. आणि काय ते सारवण! बोटं वरून खाली ओढलेली. कणगी आडवी लिंपतात हेही त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. रागातसुद्धा कमळाबाईला त्या कामाची लाज वाटली.

भामाबाई धावत येऊन कणगीला पाठ लावून उभी राहिली. "हिला हात लावायचा नाही! पूजा झालीय हिची. उघडली तर लक्ष्मी जाते."

"कवा झाली पूजा?"

"परवा."

"परवा आवस व्हती, भामाबाय," कमळाबाई हळूच म्हणाली. "आवसेला कोनची लक्ष्मी बसवलीत?"

भामाबाई कणगीला आणखी रेटून उभी राहिली. तेवढ्यात तिच्या पाठीचं ओलं लिंपण पातळाला चिकटून हातभर सुटून आलं. ती दचकून बाजूला झाली. कमळाबाईनं दोन्ही हातांनी उलथणं धरलं आणि कणगीच्या कमरेला खुपसलं. वाळलेल्या कणगीला असं भोक पाडायचं तर पहार लागते. ही लोण्यासारखी फाटली. दोन काठ्या वाकल्या आणि सळसळत जमिनीवर ओघ लागला.

तांदूळ. पांढरा तांदूळ.

माजघराच्या दारात बायकांची एकावर एक डोकी होती. तांदूळ पडतच होता, सळसळ, सळसळ, बाईंच्या चपलांवर ढीग चढेपर्यंत.

"हा... हा आमच्या शेतातला आहे," दिनानाथशेट म्हणाला. "कणगीत धान्य ठेवायचं नाही तर कुठे?"

हौसा पुढे आली. कमरेवर हात. "शेट, कनगीन भात ठेवतात, टरफलासकट. कांडलेला तांदूल कोन ठेवत नाय, आठ दिवसांत किडे पडतात. तुमच्या शेतान भात सोललेलाच उगवतो काय?"

मग मात्र जो काही हशा झाला, तो हशा नव्हता. पाच आठवड्यांची भूक दात विचकत होती.

कमळाबाई हसली नाही. तिनं भोकात हात घातला आणि कणगीच्या कडेची मूठ बाहेर काढली. ओल लागलेला तांदूळ, गठ्ठे झालेला, त्यावर हिरवी बुरशी. हातात तो ऊन ऊन लागत होता. तिच्या डोळ्यांसमोर मालू आली, पोट धरून लोळणारी. बाळ आलं, न रडणारं. आणि हा इथे कुजत होता. खाल्ला कुणीच नव्हता. विकायला भाव चढायची वाट बघत कुजत होता.

ती तशीच दिनानाथशेटपुढे गेली आणि ती मूठ तिनं त्याच्या हातात कोंबली.

"खा."

"कमळाबाई, तोंड सांभाळून..."

"आता कमलाबाय? दुकानान कमले व्हती ना मी? खा म्हनते. घरान हाय त्यान भागव. माजी लेक बालंतीन हाय, तिला तू तांबडा मिलो दिलास, तिचा दूध आटला. तुज्या घरान तांदलाला केस फुटलेत, न् तू आमाला शिकवाला पुन्याची बाई आनतोस? खा!"

शेट मागे सरकत सरकत भिंतीला टेकला. चंद्रावतीबाईंचा चेहरा लालबुंद झाला होता. "दिनानाथराव, तुम्ही मला या बायकांची तोंडं बंद करायला बोलावलंत? मला?"

आता पुरवठासाहेबांना काहीतरी करणं भाग होतं. त्यांनी बशी खाली ठेवली, मिशीवरची शेव झटकली आणि घसा साफ केला. "कुणी हात लावू नका. हा मुद्देमाल आहे. मी कचेरीतून लाख, सील आणि दोन पंच घेऊन येतो. पंचनामा होईल, मग माल सरकारजमा."

"मंग आमाला कवा मिलंल?" कमळाबाईनं विचारलं.

"खटला निकाली निघाला की बघू."

"किती दिस लागतील?"

"दिवस?" साहेबांना त्या शब्दाची गंमत वाटली. "वर्ष, दीड वर्ष. कायद्याप्रमाणे होईल सगळं." आणि छत्री उघडून ते निघाले.

चोराच्या घरी कुजत होता, तो आता सरकारच्या घरी कुजणार. फरक एवढाच, की तिथे वर लाखेचा शिक्का असणार. कमळाबाईला वाटलं आता आपण किंचाळणार. पण डोकं भयंकर तापलं की तिचं एक असायचं. आतून ते एकदम थंड व्हायचं, मिठागरातल्या पहाटेच्या पाण्यासारखं.

"बाई," ती चंद्रावतीबाईंना म्हणाली, "तुमचा दुसरा नियम काय व्हता?"

बाईंनी तिच्याकडे बघितलं. साहेब गेले त्या वाटेकडे बघितलं. ढिगाकडे बघितलं. मग चष्मा काढून पिशवीत ठेवला.

"सापडेल ते शिजवायचं," त्या म्हणाल्या. "स्पर्धा अजून चालू आहे. कचेरी किती लांब आहे?"

"जाऊन येऊन तासभर," हौसा म्हणाली. "पंच शोधाचं तर दीड."

"मग बघता काय? आणा भांडी!"

तसा गोंधळ पनवेलनं पुन्हा बघितला नसेल. बायका लुगडी वर खोचून धावल्या. टोप आले, तपेली आली, हंडे आले. एकीनं तर टोपल्यात निजवलेलं पोर काढून टोपलं आणलं. शेटच्याच परसात, शेटच्याच सरपणावर तीन चुली पेटल्या. शिजवून किती होणार? पण कमळाबाईला दुसरी गोष्टही ठाऊक होती. सरकारला कोरडा तांदूळ जप्त करता येतो. धुऊन भिजत घातलेल्या तांदळाचं सरकार काय करणार? म्हणून शिजला नाही तो भिजला. दारातल्या विहिरीचे पोहरे वर येत राहिले. कमळाबाई कणगीशी मापटं घेऊन बसली. घरामागे चार मापटी, बाळंतीण किंवा म्हातारं असेल तर पाच. आपल्यालाच जास्त हवं म्हणून पुढे घुसलेल्या एकीच्या हातावर तिनं मापटं असं हाणलं, की ती गपचूप रांगेच्या शेवटी गेली. कडेचा बुरसटलेला तांदूळ मात्र तिनं कुणालाच दिला नाही. तो जागच्या जागी ठेवला.

दिनानाथशेट ओटीवर डोकं धरून बसला होता. त्याच्या पुढ्यात चंद्रावतीबाईंनी तेच ताट ठेवलं, चार बटाटे आणि दोन कांदे. "सालं टाकू नका," त्या म्हणाल्या. "चटणी होते."

पहिल्या चुलीवरची पेज उतरली, पातळ, दाट वाफेची. कमळाबाईनं इकडे तिकडे बघितलं. मग ती सरळ शाळेत गेली, टेबलावरचा स्टीलचा डबा उचलला आणि त्याची लाल फीत दातांनी तोडली. नंबर कोणाचा ते कुणी जाहीर केलं नाही. कुणी विचारलंही नाही. डब्यात पेज ओतून, वर मीठ टाकून, तो पदराखाली धरून ती निघाली. तिच्या हिश्श्याचे भिजलेले तांदूळ हौसा मागून आणणार होती.

वाटेत साहेब भेटले, छत्रीखाली लाखेची कांडी जपत, मागे दोन भिजलेले पंच.

"काय ग, कुठे निघालीस?"

"घरला. तुमी बिगीबिगी जा, सायेब. तुमच्यासाठी ठेवलाय. हिरवा हिरवा."

पाड्यावर पोचेपर्यंत डबा अजून ऊन होता. मालू भिंतीला टेकून बसली होती, बाळ मांडीवर, डोळे मिटलेलं. कमळाबाईनं वाटीत पेज ओतली आणि लेकीच्या ओठांना लावली. पहिला घोट गेला. दुसरा. तिसऱ्याला मालूनं स्वतःच्या हातात वाटी घेतली.

चौथी वाटी संपली तेव्हा तिला बोलायचं भान आलं. "आये, तांदूल कुठशी आनलास?"

कमळाबाईनं डबा खरवडून शेवटची शितं वाटीत टाकली. संध्याकाळपर्यंत बाळानं एकदा तरी भोकाड पसरावं, एवढंच आता ऐकायचं होतं तिला.

"कुठशी आनतेय?" ती म्हणाली. "घरानच व्हता. कोपरान् कोपरा बघितला, मंग गावला. पी तू."